डाव्याचा थांबा

मी फोनवर शेती करतो, हे घरात दीड वर्ष कोणाला माहीत नव्हतं. सांगण्यासारखं त्यात काही नव्हतंच. बावन्न वर्षांचा माणूस, हिंगोलीतल्या एका शाळेत क्लार्क, कानाजवळचे केस पांढरे, आणि गच्चीवर पाण्याच्या टाकीमागं बसून बोटानं गहू पेरतोय. लेक नांदेडला शिकायला गेली तेव्हा तिचा जुना फोन मला देऊन गेली. त्यात हा खेळ होता. "बाबा, माझ्या कोंबड्यांना तेवढे दाणे टाकत जा," एवढंच म्हणाली. दाणे टाकता टाकता मी गोठा बांधला, विहीर खणली आणि बैलगाडी घेतली. खरं शेत कनेरगाव नाक्यावरून आत, आमच्या गावात, बटईनं म्हणजे अर्ध्या वाट्यानं कसायला दिलेलं. तिकडं मी वर्षातून चारदा जायचो. इकडं दिवसातून चारदा.

मी मुळात कमी बोलणारा. बायको म्हणते, "ह्यांना जेवलात का विचारलं, तरी विचार करून सांगतात." कमी बोलणाऱ्या माणसाला लोक सरळ समजतात, आणि मी लोकांना तसं समजू दिलं. आज जे सांगणार आहे ते मी बत्तीस वर्षं कोणाला सांगितलं नव्हतं. त्यातला अर्धा भाग बिडीचा आहे आणि अर्धा बैलाचा.

पण आधी त्या खेळाचं. त्यातली शेती मला आवडायची ती पिकासाठी नाही. तिच्यातल्या चुका आवडायच्या. एक कोंबडी अर्धी भिंतीत शिरलेली होती. तोंड गोठ्यात, शेपूट रस्त्यावर, आणि अंडी मात्र वेळच्या वेळी. पाऊस यायचा तो घराच्या छपरावर पडायचा आणि दोन हात पलीकडचं शेत कोरडं राहायचं. म्हैस उजवीकडं चालली की तिची सावली डावीकडं जायची, जणू दोघींचं भांडण झालंय. हे पाहून मी टाकीमागं एकटाच हसायचो, तोंडावर रुमाल धरून.

हे हसणं मला अण्णांकडून आलं. अण्णा म्हणजे माझे वडील. आमच्या दोघांत कधी फार बोलणं झालं नाही, पण लहानपणी शेतात काही वेडंवाकडं उगवलं की ते मला हाक मारायचे, "इकडं ये, हे बघ." एकमेकांना चिकटलेली दोन वांगी. पायावर पाय टाकून बसल्यासारखा मुळा. नाक असलेलं लिंबू. ते लिंबू आईनं लोणच्यात घालू नये म्हणून अण्णांनी देवळीत ठेवलं होतं, सुकून काळं पडेपर्यंत. आमची एक कोंबडी पहाटे कोंबड्यासारखी आरवायची. शेजारी म्हणाले, अपशकुन आहे, कापून टाका. अण्णा म्हणाले, "तिचा आवाज हाय, ती काढून राहिली. तुमाला काहून तकलीफ?"

आता अण्णा ऐंशीचे. आई गेल्यावर आमच्याकडं हिंगोलीत राहायला आले. गुडघे गेलेले, हातात काठी, दुपारभर ओट्यावर बसून रस्त्याकडं बघायचं. बघण्यासारखं तिथं काही वेडंवाकडं नसायचं.

माझी शेती उघडी पडली ती अशी. एका सकाळी मी संडासात बसून कोंबड्यांना दाणे टाकत होतो. आवाज बंद करायला विसरलो. भिंतीतल्या कोंबडीनं अंडं घातलं आणि आनंदानं जी कलकलली, ती बाहेर ओट्यापर्यंत गेली.

"सूनबाई!" अण्णांचा आवाज. "संडासात कोंबडी कोंडली का कोणी?"

"न्हाई मामा," बायको म्हणाली. आमच्याकडं सुना सासऱ्याला मामा म्हणतात. "आत तर हे हायत."

मग अण्णा दाराजवळ आले, काठीनं दार ठोकलं. "तू हायस का आत?"

"व्हय."

"अन् कोंबडी?"

कमी बोलणाऱ्याला अशा वेळी खोटंही पटकन सुचत नाही. मी म्हणालो, "ती बी हाय."

बाहेर येऊन मला सगळं दाखवावं लागलं. बायकोनं कपाळावर हात मारला आणि स्वयंपाकघरात गेली. अण्णांनी मात्र फोन हातात घेतला, चष्मा नाकावर सरकवला आणि भिंतीतली कोंबडी पाहून असे हसले, की वरची कवळी सुटून खाली आली. ती तळहातात झेलून ते पुन्हा हसले, बिनदाताचे. छपरावरचा पाऊस दाखवला तर म्हणाले, "ह्यात चूक काय हाय? आपल्या बांधावर असाच पडतो. नाल्याच्या त्या अंगाला धो धो, ह्या अंगाला ढेकूळ बी भिजत न्हाई. ज्यानं हे बनवलं तो आपल्याच भागातला दिसून राहिला."

तेव्हापासून रोज संध्याकाळी मी शाळेतून आलो की आम्ही बापलेक ओट्यावर फोन मांडून बसायचो. त्यांना फोन धरता यायचा नाही, बोट भलतीकडं पडायचं. ते सांगायचे, मी दाबायचो. सोयाबीन काढायचं तर म्हणायचे, दोन दिवस थांब, शेंग वाळू दे. खेळात शेंग वाळत नाही, वरचं घड्याळ पुरं झालं की पीक तयार. पण मी थांबायचो.

एके दिवशी त्यांनी बैलगाडी पाहिली.

खेळात गाडी आपली आपण शेतातून बाजाराला जाते. आमची जायची नाही. विहिरीजवळ वळण होतं, तिथं कुंपणाचा कोपरा रस्त्यात आल्यासारखा होता. तिथं आला की बैल अडायचा. पाय चालायचे, मान हलायची, घुंगरं वाजायची, पण जागचा हलायचा नाही. दोन-अडीच मिनिटं असं चालून मग अचानक काही झालंच नाही असा पुढं निघायचा. लेकीला विचारलं होतं. म्हणाली, "तो बग आहे बाबा, कंपनीची चूक."

अण्णा बघत राहिले. बैल निघाला तसे म्हणाले, "डावा."

माझ्या हातातला फोन ओला झाला. घाम असणार.

"बघ ना, तसाच थांबला. तेवढाच वेळ. आपला डावाच हाय हा."

आता डावा कोण ते सांगितलं पाहिजे. आमच्याकडं एक बैलजोडी होती. जुवाच्या डाव्या अंगाला जुंपायचा तो डावा, दुसरा उजवा. वेगळी नावं कधी ठेवलीच नाहीत. डावा पांढरा, एका शिंगाचं टोक आत वळलेलं, चालीला असा की अण्णा गाडीत झोपले तरी घरी आणायचा. अण्णांनी आयुष्यात कधी बैलाला मारलं नाही. काठी हातात असायची ती कुत्र्यांसाठी.

मी बारावीला नापास झालो आणि वर्षभर घरी होतो. एकोणीस-वीस वर्षांचा. सकाळी गाडी शेतात न्यायचं आणि संध्याकाळी परत आणायचं काम माझं. गावापासून शेतापर्यंत पांदण जाते, दोन्ही बाजूंनी झुडपं असलेली अरुंद गाडीवाट. मध्यावर एक मोठी बाभूळ. तिच्याखाली थांबलं की गावातूनही दिसत नाही आणि शेतातूनही. मी तिथं रोज जाता-येता बिडी ओढायचो. अण्णांना बिडीचा वास जरी आला तरी ते दोन दिवस जेवायचे नाहीत, म्हणून लपून. बैलांनी मधेच गाडी ओढू नये म्हणून मी घरातून गुळाचा खडा खिशात घालून न्यायचो आणि दोघांना चाटवायचो. बिडी संपली की "चल". असं आठ-नऊ महिने चाललं.

बैल आपल्यापेक्षा लवकर शिकतात. महिन्याभरात डावा मी न सांगता बाभळीखाली थांबू लागला. आणि बिडी संपेपर्यंतच थांबायचा, जास्त नाही, कमी नाही. मला त्याची फार मौज वाटायची. ही एक गंमत होती जी अण्णांना हाक मारून दाखवता येत नव्हती.

मग एक दिवस गाडी अण्णांनी नेली. आभाळ भरून आलेलं, गाडीत मुगाच्या शेंगा भरलेल्या, पावसाच्या आत घर गाठायचं. मी मागून चालत होतो. बाभळीखाली डावा थांबला. अण्णांनी चुचकारलं, शेपटीला हात लावला, खाली उतरून कासरा ओढला. डावा मान वळवून मागं बघत होता. कोणाकडं ते मला माहीत होतं. पहिले थेंब पडले आणि अण्णांनी हातातली काठी त्याच्या खांद्यावर घातली. एकच. डावा हलला नाही. आपला वेळ पुरा करून, म्हणजे एका बिडीचा, मग तो निघाला.

मूग भिजले. त्याचं कोणाला काही नव्हतं. अण्णांना त्या काठीचं लागलं. त्या संध्याकाळी त्यांनी डाव्याच्या खांद्याला हळद लावली. आणि नंतर जेव्हा जेव्हा ते गाडी नेत आणि डावा बाभळीखाली थांबे, तेव्हा अण्णांना वाटे, तो ती काठी आठवून थांबतोय. "इथं मारलं मला, असं सांगून राहिला तो," ते आईला म्हणायचे. आधी थांबणं होतं आणि मग काठी होती, हे त्यांच्या मनातून पार पुसून गेलं. पुढच्या उन्हाळ्यात त्यांनी डावा विकला. "त्याच्या डोळ्यात बघवत न्हाई," एवढंच कारण.

घेणारा त्याला पांदणीनंच घेऊन गेला. अण्णा आणि मी गावाच्या टोकाशी उभे राहून बघत होतो, बाभळीच्या थोडं अलीकडपर्यंत तो जाताना दिसला आणि मग दिसेनासा झाला. घुंगराचा आवाज थांबला. बराच वेळ थांबलेला राहिला. माझ्या खिशात गुळाचा खडा होता. सकाळीच घेतला होता, निरोपाचा म्हणून. धावत गेलो असतो तर देता आला असता. पण अण्णांसमोर गूळ काढायचा म्हणजे बिडी काढायची. मी हात खिशातच ठेवला. खडा विरघळून खिसा चिकट झाला तोवर घुंगरं पुन्हा वाजायला लागली होती.

पुढची गंमत अशी, की उजव्यालाही तीच सवय होती. अण्णांनी नवा जोडीदार आणला, तर उजवा त्यालाही घेऊन बाभळीखाली थांबू लागला. दोन वेगळे बैल एकाच जागी थांबतात म्हणजे जागेतच काहीतरी आहे, असं गावातल्या म्हाताऱ्यांनी ठरवलं. कोणीतरी एक दगड उभा केला, कोणीतरी शेंदूर लावला. तो झाला थांब्याचा देव. मी पुन्हा परीक्षेला बसलो, पास झालो, बिडी सोडली, नोकरीला लागलो. देव तिथंच राहिला.

आणि अण्णा बत्तीस वर्षं तेच सांगत राहिले. लग्नात, मौतीला, दवाखान्यात रांगेत, कोणाशीही बैलाचा विषय निघाला की गोष्ट डाव्यावर यायची आणि शेवट ठरलेला असायचा: "मी त्याला मारायला नको होतं." मी शेजारी बसून खाली बघायचो. लोकांना वाटायचं, मुलालाही बैलाचं किती लागलंय.

तर आता फोनमध्ये बैल अडला आणि अण्णांना डावा परत मिळाला. ते रोज त्याच्याशी बोलू लागले. "थांब बाबा, थांब, मी काही म्हणत न्हाई." तो निघाला की हसायचे. एकदा मला म्हणाले, "मरायच्या आधी एवढं कळलं पायजे, तो काहून थांबायचा. मी मारलं म्हणून, का दुसरंच काही?" आणि माझ्याकडं बघितलं. मी म्हणालो, "गहू तयार झाला अण्णा." आणि गहू कापला.

पोळा आला. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांची खांदेमळणी असते. वर्षभर जुवाखाली दुखलेल्या खांद्याला लोणी आणि हळद चोळायची आणि बैलाच्या कानाशी म्हणायचं, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या." बैल नसलेल्या घरात मातीचे बैल आणतात. बायकोनं बाजारातून जोडी आणली होती, रंगवलेली, शिंगांना बेगड लावलेली. पाटावर मांडली.

अण्णा म्हणाले, "त्याला बी ठेव."

"कोणाला मामा?"

"डाव्याला."

बायकोनं माझ्याकडं बघितलं. मी फोन आणून मातीच्या जोडीशेजारी टेकवून ठेवला. पडद्यावर बैल विहिरीच्या वळणावर अडून चालत होता. बायको हसू दाबत म्हणाली, "मामा, हळदीकुंकू लांबूनच वाहा. त्याला पाणी चालत न्हाई."

"पाणी कुठं हाय? लोणी हाय."

"आवं, तुमी तरी सांगा ना," ती मला म्हणाली. मी काड्यापेटी शोधायला आत गेलो. कुठंही काही सांगायची वेळ आली की मला काहीतरी शोधायचं असतं.

परत आलो तेव्हा अण्णांनी वाटीतली लोणी-हळद तीन बोटांवर घेतली होती आणि ते पडद्यावर बैलाच्या खांद्याला चोळत होते. मन लावून, गोल गोल, आतून बाहेर. अशा चोळण्याचा अर्थ फोनला काय लागला असेल ते फोनच जाणे. बैलाभोवती एक चौकट आली. अण्णांनी खांद्यावरून मानेकडं हात नेला, पैशांच्या थैलीचं चित्र दाबलं गेलं. फोननं इंग्रजीत काहीतरी विचारलं. अण्णांनी मानेखालच्या लोंबत्या कातड्यावर चोळावं तसं चोळलं, तिथं हिरवी खूण होती. छन्न असा आवाज झाला. गाडी रिकामी उभी राहिली. जू जमिनीला टेकलं.

"कुठं गेला?" अण्णा म्हणाले. बोटं तशीच पिवळी, हवेत.

मी फोन पुसला, बघितलं. लपवून उपयोग नव्हता. "इकला गेला अण्णा."

"कोणी इकला?"

बायको बोलून गेली, "मामा, तुमचंच बोट लागलं."

मी लगेच नवा बैल घेतला. तसाच पांढरा. जुंपला, सोडला. तो वळणावरून सरळ बाजारात गेला, थांबला नाही, बघितलं नाही. अण्णा म्हणाले, "हा तो न्हाई," आणि आत जाऊन भिंतीकडं तोंड करून झोपले. ऐन दिवेलागणीला. जाताना एवढंच बोलले, "दोनदा इकला मी त्याला."

सकाळी पोळ्याचा स्वयंपाक झाला. पुरणाचा वास ओट्यापर्यंत. अण्णांनी ताटाला हात लावला नाही. "गावाकडं चल," म्हणाले. "देवापुढं नारळ फोडतो. माफी मागतो. मंग जेवतो."

"मामा, दोन घास खाऊन जा."

"न्हाई."

मोटरसायकलवर त्यांना मागं बसवलं, काठी आमच्या दोघांच्या मधे आडवी. वाशीम रस्त्यानं नाक्यापर्यंत, तिथून आत. रस्ताभर मी एक वाक्य तयार करत होतो. नाक्यावरच्या धाब्यापर्यंत ते तयार झालं, गावाच्या वळणावर विसरलो.

बाभूळ आता नाही. दगडाला ओटा झालाय, वर पत्रा, ओट्याला फरशी. आम्ही पोचलो तेव्हा तिथं एक ट्रॅक्टर थांबला होता. पोळ्याचा म्हणून त्यालाही गोंडे बांधलेले, दिव्यांना कुंकू. ड्रायव्हर चाकाला टेकून बिडी ओढत होता. अण्णांना बघून त्यानं बिडी पाठीमागं घेतली.

"रामराम अण्णा. लई दिवसांनी."

"रामराम. कशाला थांबला?"

"नेम हाय ना इथला. गाडी असो का ट्रॅक्टर, इथं थांबावंच लागतं. एक बिडी व्हईस्तोवर. जुन्या लोकांचं हाय ते."

मला वाटलं, आता जमीन दुभंगावी, पण जमीन काही माझ्या सांगण्यातली नव्हती. अण्णा ड्रायव्हरला म्हणाले, "माझ्याच बैलानं दाखवलेली जागा हाय ही."

"माहीत हाय ना. डावा."

अण्णांनी चपला काढल्या. नारळ माझ्याकडं होता. त्यांनी गुडघ्यावर हात देत देत वाकून दगडाला हात लावला आणि म्हणाले, "माझा हात चुकला बाबा. मुकं जनावर. त्याला काय सांगता येत होतं?"

मी म्हणालो, "अण्णा, तो तुमच्यामुळं थांबत नव्हता."

तयार केलेलं वाक्य हे नव्हतं. पण एकदा सुटलं, तसं सगळंच सुटलं. बाभूळ, बिडी, गूळ, उजव्यालाही गूळ. तुम्ही काठी मारायच्या आधीपासून तो थांबत होता. विकला त्या दिवशी खिशात खडा होता. मी इतकं एका दमात कधी बोललो नव्हतो, मधे श्वास कुठं घ्यायचा तेही कळेना.

ड्रायव्हर एकदा माझ्याकडं बघायचा, एकदा दगडाकडं, एकदा हातातल्या बिडीकडं.

अण्णा सरळ झाले. मग पहिलं विचारलं ते हे: "गूळ घरचा?"

"व्हय."

"ढेपेतला?"

"व्हय."

"तुह्या मायचा भाऊ येऊन गेला की गूळ कमी होतो, असं म्हणत होतो मी. तिनं गुळाचा चहा प्यायचा सोडला होता त्यापायी. वर्षभर."

हे मला माहीत नव्हतं. म्हणजे आईनं चहा सोडलेला माहीत होता. मला वाटलं, पित्त असेल.

"वाक," अण्णा म्हणाले.

"काय?"

"खाली वाक जरा. मला हात वर जात न्हाई."

मी वाकलो. त्यांनी काठी उचलली आणि माझ्या खांद्यावर घातली. एकच. ऐंशीच्या माणसाच्या मानानं चांगलीच. सदऱ्यातून धूळ उडाली आणि ट्रॅक्टरच्या बोनेटवर बसलेला कावळा उडून गेला.

"ही तुझी होती," अण्णा म्हणाले. "बत्तीस वर्षं त्याच्या अंगावर राहिली."

ड्रायव्हर दबक्या आवाजात म्हणाला, "अण्णा, मंग आता आमी इथं थांबावं का न्हाई?"

अण्णांनी विचार केला. ते विचार करत असताना मला पहिल्यांदा दिसलं, की त्यांच्या ओठाच्या कोपऱ्यात काहीतरी हलतंय. नाक असलेलं लिंबू सापडल्यावर हलायचं तसं.

"थांबा," ते म्हणाले. "बैल थांबायचा, ते तर खरं हाय. फकत बिडी लपून ओढू नका."

नारळ त्यांनी फोडला. माफीचा नव्हता, मग कशाचा ते विचारायची माझी हिंमत नव्हती. अर्धा ड्रायव्हरला दिला. परतताना धाब्याजवळ आलो तेव्हा माझ्या पाठीला त्यांचं पोट हललेलं जाणवलं. आधी वाटलं रडतायत. मग आवाज आला. "एक बिडी व्हईस्तोवर," ते स्वतःशी म्हणत होते आणि हसत होते. "ट्रॅक्टर बी. लेकाहो, ट्रॅक्टर बी."

घरी येऊन त्यांनी चार पोळ्या खाल्ल्या, दूध घालून. बायकोला सगळं त्यांनीच सांगितलं, माझ्यासमोर, पहिल्यापासून. गुळापाशी आल्यावर थोडे थांबले. ती मला म्हणाली, "तुमी बिडी ओढत होता?" एवढ्या सगळ्यात तिला तेवढंच नवीन वाटलं. "लग्नाच्या वेळी विचारलं होतं माझ्या वडलांनी. व्यसन न्हाई म्हणाला होता तुमी."

"तेव्हा सोडली होती."

"व्हय का," ती म्हणाली. ह्या 'व्हय का'चं पुढं काय झालं ते इथं लिहीत नाही.

संध्याकाळी खांदा सुजला. सदरा काढून ओट्यावर बसलो. अण्णा आतून कालची वाटी घेऊन आले, लोणी-हळद तशीच उरली होती. माझ्या पाठीमागं बसले, तीन बोटांवर घेतली आणि चोळायला लागले. गोल गोल, आतून बाहेर. कानाशी तोंड आणून म्हणाले, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या."

"मामा, पोळा तर आज झाला," बायको आतून म्हणाली. "उद्या काय हाय जेवायला?"

"शिळ्या पोळ्या हायत की."

हात चालत राहिला. थोड्या वेळानं म्हणाले, "एक सांग. आता खरंच सांग."

"काय?"

"फोनमधल्याला सवय कशी लावली?"

"ती मी न्हाई लावली अण्णा. ती कंपनीची चूक होती. कुंपणाचा कोपरा रस्त्यात येत होता."

हात थांबला.

"कुंपण कोणी घातलं?"

"मी."

"मंग?"

"पण मला माहीत नव्हतं. आईशपथ, मी काही चारलं न्हाई त्याला. त्यात चारता येतच न्हाई, फकत दाणे टाकता येतात अन् ते बी कोंबड्यांना."

"आईची शपथ घेऊ नको. गुळाचं झालंय तेवढं बस हाय."

"खरंच न्हाई अण्णा."

"बरं," ते म्हणाले, आणि मला माहीत आहे, त्यांचा त्यावर काडीइतका विश्वास बसला नाही. आजही नाही. नवा बैल रोज वळणावरून सरळ जातो, अण्णा चष्मा लावून बघतात, मग माझ्या सदऱ्याच्या खिशाकडं बघतात.